'लागणे'ची नोंदवही: एका क्रियापदावरचं काम

४ जून

काम असं ठरलं आहे. 'लागणे' हे एकच क्रियापद घ्यायचं. संतसाहित्यापासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतच्या निवडक मजकुरात ते जिथे जिथे आलं आहे ती ओळ उतरवून घ्यायची आणि प्रत्येक ओळीपुढे लिहायचं, की इथे अर्थ शब्दशः आहे की लाक्षणिक. शेवटी जो तक्ता होईल तो आमच्या वाचनगटाला वापरता येईल, शिक्षकांना वर्गातही. उद्या कुणी 'पडणे', 'बसणे', 'येणे' हाती घेतलं तर निदान आमचे अडलेले रस्ते त्यांनी टाळावेत, म्हणून या नोंदी.

'लागणे'च का? ठेच लागते, भूक लागते, निकाल लागतो, लग्न लागतं, दिवा लागतो, दार लागतं, बस लागते, सुतक लागतं, ग्रहण लागतं, समाधी लागते, एखाद्याचं बोलणं लागतं. वेळ तर लागतोच. दिवसभर तोंडात असलेलं हे क्रियापद आहे, त्यामुळे त्यात काही अर्थ शिल्लक आहे याचंच भान राहत नाही. कवींना ते भान असतं, असा माझा विश्वास आहे. तो तपासून पाहायचा आहे.

मजकूर निवडताना एकच अट ठेवली: स्वामित्वहक्क संपलेला हवा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी तो संपतो. त्यामुळे तुकाराम, एकनाथ, केशवसुत, बालकवी, तांबे, साने गुरुजी हे सगळे पूर्ण ओळींसकट तक्त्यात घेता येतात, परवानग्यांच्या मागे लागावं लागत नाही. खर्च छपाईच्या कागदांचा तेवढा. वेळेचा हिशेब मात्र सैल ठेवा, शोधातच अर्धा जातो.

७ जून

शोध घ्यायला बसलो. सरळ 'लाग' टाकलं आणि काय काय आलं! 'फुलागत', 'बैलागत', 'मुलागणिक'. ग्रामीण आणि लोकगीतांच्या वळणाच्या कवितेत 'गत' हा प्रत्यय ठासून भरलेला असतो आणि 'ल'कारान्त नामाला तो जोडला की पोटात 'लाग' तयार होतो. शब्दाच्या सुरुवातीलाच शोध, अशी अट घालून पाहिली. तिथे दुसरी अडचण. आम्ही वापरत होतो त्या साधनाला काना-मात्रा म्हणजे अक्षर वाटत नव्हतं, त्यामुळे शब्दाची हद्द ते मधेच कुठेतरी मानत होतं. देवनागरीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटतं.

उपाय जुनाच निघाला. आधी रूपांची यादी हाताने केली, मग त्या यादीनेच शोधलं: लागला, लागली, लागले, लागे, लागतो, लागतां, लागो, लागू, लागोनि, लागलीसे, लागलिया. शिवाय जुन्या छपाईत अनुच्चारित अनुस्वार असतात, 'लागलें', 'लागलीं', 'लागूं'. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी ते काढून टाकले, त्यामुळे एकाच अभंगाच्या दोन प्रतींत दोन रूपं मिळतात. यादीत दोन्ही ठेवली. शोधण्यापुरते अनुस्वार पुसून टाकायचा मोह होतो, पण मूळ ओळ जशी आहे तशी वेगळ्या रकान्यात असू द्या. पुढे 'लागीं' आणि 'लागी' यांत फरक करायची वेळ आली तेव्हा त्या अनुस्वारानेच सोडवलं.

११ जून

यादीने काम भागलं असं वाटत असताना गटातल्या एकांनी विचारलं, 'अहो, पण "न लगे मुक्ति धन संपदा" कुठे आहे यात?'

नव्हतंच. 'हेंचि दान देगा देवा' हा अभंग अर्ध्या महाराष्ट्राला पाठ, पण त्यातलं 'लगे' आमच्या यादीत बसत नव्हतं, कारण तिथे काना नाही. जुन्या मराठीत नकारापुढे 'लगे', 'लगती', 'लगतां' अशी ऱ्हस्व रूपं सर्रास येतात. 'न लगती सायास जावें वनांतरा' हेही तुकोबांचंच आणि तेही निसटलं होतं.

म्हणून 'लग' शोधलं, आणि तक्ता मुलगा-मुलगींनी भरून गेला. 'अलग', 'सलग', 'सलगी', फारसीतून आलेला 'लगाम', सगळे आले. शेवटी 'न लगे', 'न लगती', 'न लगतां' आणि जोडून छापलेलं 'नलगे' एवढेच तुकडे शोधले. ते पुरलं.

ही भर वरवर किरकोळ दिसते, पण तिने कामाचं वळणच बदललं. 'न लगे मुक्ति' म्हणजे मुक्ती नको, तिची गरज नाही. आजही आपण 'मला दोन वह्या लागतील' म्हणतो, म्हणजे गरज आहे. स्पर्शाचं क्रियापद गरजेचं कसं झालं, हा प्रश्न इथे पहिल्यांदा उभा राहिला. मुक्ती मला लागत नाही: ती माझ्यापर्यंत येऊन भिडत नाही, तिच्यावाचून माझं काही अडत नाही. दोन्ही अर्थ तुकोबांच्या ओळीत एकाच वेळी खरे आहेत, आणि पुढच्याच चरणात ते जे मागतात तो आहे संतांचा संग, म्हणजे पुन्हा लागून राहणंच.

१५ जून

दोन रकाने मोडले. 'शब्दशः' आणि 'लाक्षणिक' एवढ्यावर हे काम होणार नाही.

'काटा लागला' शब्दशः. 'नाद लागला' लाक्षणिक. इथवर ठीक. 'भूक लागली' कुठे टाकाल? भूक काही बाहेरून येऊन अंगाला चिकटत नाही, म्हणजे मुळात ते लाक्षणिक. पण ते म्हणताना कुणाला आपण अलंकार वापरतोय असं वाटत नाही. 'झोप लागली', 'वेळ लागला', 'निकाल लागला' यांचंही तेच. गटात दोन तट पडले आणि एक अख्खी बैठक 'झोप'वर गेली.

मग कोशांच्या आधाराने रकाने करून पाहिले. मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्हींत 'लागणे'ला लांबलचक जागा दिलेली आहे. त्यांनी केलेली अर्थांची विभागणी तशीच उचलली तर रकाने इतके होतात, की कित्येक रकान्यांत एखादीच ओळ पडते आणि तक्ता वाचण्याजोगा राहत नाही. कोशकाराचं काम अर्थ सुटे करण्याचं असतं. आम्हाला ते कवितेत एकमेकांत कसे मिसळतात ते बघायचं होतं. त्यामुळे ती विभागणी सोडली. कोश मात्र शेवटपर्यंत टेबलावरच राहिले, अडलेली ओळ सोडवायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही.

सध्यापुरता तिसरा रकाना घातला: 'रुळलेला'. एके काळी लाक्षणिक असलेला, आता वापरून गुळगुळीत झालेला अर्थ. भूक, झोप, वेळ, निकाल इकडे. वाद थांबला, पण समाधान नाही. कारण पुढच्याच आठवड्यात एका अभंगाने हा रकानाही हलवला.

१९ जून

'भेटीलागीं जीवा लागलीसे आस । पाहे रात्रंदिवस वाट तुझी ॥'

पहिल्याच चरणात चार शब्द, त्यांत हा धातू दोनदा. 'भेटीलागीं'मधला 'लागीं' आता शब्दयोगी अव्यय झाला आहे, 'साठी' एवढंच त्याचं काम. लगेच पुढे 'लागलीसे' येतं, लागली + असे, म्हणजे लागलेली आहे आणि अजून सुटलेली नाही. निर्जीव झालेलं रूप आणि जिवंत रूप खांद्याला खांदा लावून उभी आहेत. मोठ्याने म्हणून पाहा, 'लाग-लाग' हा आघात कानाला लागतोच.

मग दृष्टान्त येतात. पौर्णिमेचा चंद्र आणि चकोर, दिवाळीच्या मुळाची, म्हणजे माहेरच्या बोलावण्याची, वाट पाहणारी लेक, आणि शेवटी: 'भुकेलिया बाळ अति शोक करी । वाट पाहे परि माउलीची ॥' इथे भूक खरी आहे, पोटातली. पण तिला 'लागणे' जोडलेलं नाही, बाळ 'भुकेलेलं' आहे. 'लागणे' राखून ठेवलं आहे शेवटच्या चरणासाठी: 'तुका म्हणे मज लागलीसे भूक । धांवूनि श्रीमुख दाविं देवा ॥'

'भूक लागली' हा प्रयोग आम्ही 'रुळलेल्या' रकान्यात टाकला होता. इथे तो तिथे ठेवताच येत नाही. आदल्या चरणात बाळाने पोटातल्या भुकेने रडून घेतलं आहे, त्यामुळे तुकोबांची भूक कानावर पडते ती पोटातूनच आल्यासारखी. पहिल्या चरणातलं 'लागलीसे' अक्षरही न बदलता परत आलं आहे, कारण आस आणि भूक दोन्ही स्त्रीलिंगी. बदललं आहे ते एवढंच: आस 'जीवा' लागली होती, भूक 'मज' लागली. दिवसभर वापरून झिजलेला शब्दप्रयोग कवीने एका बाळाच्या रडण्याच्या जोरावर पुन्हा अंगाला भिडवला.

'रुळलेला' हा गुण प्रयोगाचा नसून त्या त्या ओळीचा असतो, हे इथे कळलं. तक्त्यात तसा बदल केला: शिक्का शब्दप्रयोगावर मारायचा नाही, ओळीवर मारायचा. जुन्या नोंदी सगळ्या पुन्हा चाळाव्या लागल्या. हे काम करणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून असंच करावं, म्हणजे दुहेरी कष्ट वाचतील. आणि सुटा चरण उतरवू नका, आगेमागे निदान दोन चरण हवेतच. आमच्याकडे सुट्या चरणांच्या नोंदी होत्या, त्यांत हा अभंग 'भूक लागणे, रुळलेला' म्हणून निपचित पडून होता.

२४ जून

आता खरा उपयोगी पडलेला रकाना: 'कशाला / कुणाला लागलं?'

'लागणे'च्या वाक्यात माणूस बहुधा कर्ता नसतो. 'मला भूक लागली' यात कर्ता भूक, माणूस चतुर्थीत. भूक येते, आस येते, वेड येतं आणि माणसाला लागतं. माणसाच्या इच्छेचा प्रश्नच येत नाही. हीच बांधणी शब्दशः अर्थातही असते: 'पायाला ठेच लागली'. मग लाक्षणिकता कुठून सुरू होते ते पाहायला दोन प्रश्न पुरतात. लागलेली वस्तू हाताने धरता येण्याजोगी आहे का? ती जिथे लागली ती जागा शरीरात बोट ठेवून दाखवता येते का?

दोन्हींना 'हो' असेल तर शब्दशः. तुकोबांचं 'लागलिया मुख स्तनां । घाली पान्हा माउली' हे त्याचं सर्वांत निखळ उदाहरण सापडलं. तोंड लागलं, पान्हा आला. संस्कृत 'लग्' म्हणजे चिकटणं, स्पर्श होणं, तो मूळ अर्थ इथे उघडा दिसतो. ('लग्न' हा शब्दही त्याच धातूचा, लागलेलं ते लग्न. म्हणजे 'लग्न लागलं' यात एकच धातू दोनदा येतो. हे कळल्यावर गटातले सगळे खूश.)

'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण या दोन प्रश्नांना लावून पाहा. पवळ्या खरा आहे, शेजारी बांधणं खरं आहे. एका बैलाचं अंग दुसऱ्याच्या अंगाला रोज घासतं, त्यातून लागायला हवा होता रंग. तो लागत नाही. लागतो गुण, जो धरता येत नाही. म्हणीने शब्दशः अर्थाची अपेक्षा निर्माण केली आणि ती मोडून लाक्षणिक अर्थ पुढे केला, तेही 'लागला' हा शब्द दोघांत वाटून.

२८ जून

बालकवींनी रकानाच रिकामा ठेवायला लावला.

'चार घरांचें गांव चिमुकलें पैल टेकडीकडे / शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढें.'

'औदुंबर'मधली ही ओळ. गर्दी लागली, पण कुणाला? चतुर्थी कुठेच नाही. आधी वाटलं, 'रांग लागली', 'रीघ लागली' यांच्यासारखं आहे, एकाला एक लागून उभं राहणं. शेतं बांधाला बांध लावून असतातच, तो अर्थ आहे. 'लागवड' आणि 'लागण' हे शेतीतले शब्दही याच घरातले, तोही सूर मागे ऐकू येतो. पण 'गर्दी' या नामाला मराठी माणूस सहसा 'लागली' म्हणत नाही, 'झाली' किंवा 'जमली' म्हणतो. मग कवीने इथे 'लागली' का घातलं?

सोडवलं शेवटच्या शब्दाने, 'पुढें'. वाट सांगताना आपण म्हणतो, 'पुढे ओढा लागेल, मग देऊळ लागेल'. ओढा जागचा हलत नाही, चालणारा त्याच्यापर्यंत पोचतो, तरी वाक्यात कर्ता ओढाच. बालकवींची गर्दी अशी वाटेत लागणारी आहे. ऐल तट, पैल तट, मग टेकडीकडचं गाव, मग पुढे शेतमळे: नजर चालते आहे. आणि पुढच्याच ओळीत पायवाट येते. म्हणजे चतुर्थीतला माणूस आहे, फक्त लिहिलेला नाही. तो वाटसरू आहे, किंवा आपण वाचणारे.

तेव्हा रकाना रिकामा न ठेवता 'अध्याहृत: वाटसरू' अशी नोंद केली. ही ओळ शब्दशः की लाक्षणिक, या प्रश्नाचं उत्तर मात्र आम्ही दिलेलं नाही. तीन अर्थ आहेत आणि तिन्ही त्या एका 'लागली'त सुखाने नांदतात. शिक्क्याच्या जागी 'एकाहून अधिक' असं लिहिलं. अशा ओळी पुष्कळ निघाल्या, म्हणून हा शिक्का सुरुवातीलाच हाताशी ठेवा.

३ जुलै

भा. रा. तांबे: 'कळा ज्या लागल्या जीवा, मला की ईश्वरा ठाव्या! कुणाला काय हो त्यांचे? कुणाला काय सांगाव्या?'

नोंद करणाऱ्याने 'जीवाला वेदना, लाक्षणिक' असं लिहून पुढे जायचं ठरवलं होतं. गटातल्या एक ताई बरीच वर्षं प्रसूतिगृहात काम करत होत्या. त्या म्हणाल्या, 'कळा लागल्या म्हटल्यावर आमच्याकडे एकच अर्थ असायचा. आणि त्या बाईच्या कळा दुसऱ्या कुणाला कळत नाहीत, नवऱ्याला नाही की आईला नाही. ती आणि देव.' त्यांनी दुसरी ओळ न वाचताच तिचा अर्थ सांगितला.

तेव्हापासून ही ओळ वाचताना मला दोन्ही दिसतं. 'मला की ईश्वरा ठाव्या' हे नुसतं आत्मदुःख राहत नाही. कळा लागणाऱ्या शरीराला जे एकटेपण असतं ते त्यात उतरतं. लाक्षणिक अर्थाला बळ शरीरातल्या अर्थाकडून मिळतं, आणि तो शरीरातला अर्थ ज्याच्या वापरात रोज असतो त्यालाच आधी दिसतो. म्हणून तक्ता भरणारे सगळे एकाच पेशाचे नसावेत. आमच्या गटात शेती करणारे एक जण आहेत, 'लागण' आणि 'लावण' यांवरच्या ओळी आता आधी त्यांच्याकडे जातात.

९ जुलै

गद्यात शिरलो आणि वेग मंदावला. कथा-कादंबऱ्यांत 'लागली' सापडतं ते बहुतेक 'बोलू लागली', 'रडू लागली', 'जावे लागले' असं. शाळेच्या व्याकरणात संयुक्त क्रियापदाचं ठरलेलं उदाहरण 'मुले खेळू लागली' हेच. इथे 'लागणे' सहायक आहे. एकदा आरंभ दाखवतं, एकदा सक्ती.

हे सगळं गाळावं असं बहुमत होतं, अर्थ उरलेलाच नाही म्हणून. मी विरोध केला, तो 'जावे लागते'साठी. 'मला जावे लागते' यातही माणूस चतुर्थीत आहे, भुकेसारखाच. जाणं येऊन त्याला लागलेलं आहे, त्याने ते निवडलेलं नाही. सक्ती सांगायला मराठीने हे क्रियापद घेतलं ते या बांधणीमुळे, असं मला पक्कं वाटतं. 'रडू लागली'मध्ये मात्र रडणारी थेट कर्ता आहे, तिथे ही गोष्ट नाही. म्हणून तडजोड केली: आरंभाचे प्रयोग फक्त मोजायचे, ओळ उतरवायची नाही. सक्तीचे उतरवायचे. काम निम्म्याहून हलकं झालं.

'लागुनि' मात्र पद्यात बराच काळ टिकलेलं दिसतं. केशवसुतांच्या 'तुतारी'त (१८९३) आहेच: 'जुनें जाऊं द्या मरणालागुनि'. 'मरणाला' म्हणूनही अर्थ पुरा झाला असता. 'लागुनि'ने त्या जुन्याला मरणापर्यंत नेऊन भिडवलं आहे. इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही: १९११मध्ये 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहिणारे मोरो केशव दामले हे केशवसुतांचे सख्खे भाऊ. मराठी क्रियापदाची शिस्त एका भावाने लावली आणि त्याच भाषेतला शब्द दुसऱ्या भावाने रणशिंगासारखा फुंकला.

१४ जुलै

गद्याने एकाच वाक्यात सगळं दिलं. 'श्यामची आई', साने गुरुजींनी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली. आंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून श्याम हट्ट धरतो आणि आई आपलं लुगडं पाय टेकायला पुढे करते. मग सांगते, पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस, तसं मनालाही घाण लागू नये म्हणून जप.

वर्गात हा तक्ता घेऊन जाणाऱ्यांनी सुरुवात इथून करावी. आमच्या दोन प्रश्नांची उत्तरं आई स्वतःच देते: लागणारी वस्तू तीच, घाण. लागण्याची जागा बदलली, पायाऐवजी मन. बाकी वाक्य जसंच्या तसं. मुलांना 'शब्दशः' आणि 'लाक्षणिक' हे शब्दही सांगायला नकोत, दोन्ही 'लागू नये' अधोरेखित करून विचारलं की पुरतं. शिवाय पायाची घाण पुसायला आईचं लुगडं आहे. मनाच्या घाणीसाठी तसं काही पुढे करता येत नाही, हे न सांगता सांगितलेलं आहे. उपदेश असूनही हे वाक्य इतकी वर्षं टिकलं आहे ते त्या ओल्या तळव्यांमुळे.

१८ जुलै

'लावणे' घ्यायचं की नाही? हे 'लागणे'चं प्रयोजक, करणारा हजर असलेलं रूप. घेतलं तर काम दुप्पट. मोजकंच घ्यायचं ठरलं: ज्या ओळीत 'लागणे'शी तुलना उघड दिसते तेवढ्याच.

ज्ञानदेवांचं 'इवलेंसें रोप लावियेलें द्वारीं' घेतलं. रोप लावलं माणसाने, वेल गगनापर्यंत गेला आपला आपण. लावण्यापुरता माणूस कर्ता, नंतर नाही.

आणि एकनाथांचं भूत. 'भूत जबर मोठें गं बाई' या भारुडात भूत उतरवायची सगळी घरगुती सामग्री आहे, देवऋषी, लिंबू, नारळ, कोंबडा. 'भूत लागणे' हा गावात अगदी शब्दशः घेतला जाणारा प्रयोग, ऐकणाऱ्यांना त्यात अलंकार वाटत नव्हता. मग हे भूत लागतं ते नारदाला, ध्रुवबाळाला, आणि शेवटी कळतं की ते सर्वांठायी सदोदित आहे. एकनाथांनी श्रोत्यांच्या शब्दशः विश्वासावरच रूपक उभं केलं. आमच्या शिक्क्यांपैकी एकही इथे बसेना, कारण अर्थ कोणता ते ऐकणाऱ्यावर ठरतं. म्हणून 'कुणासाठी?' असा एक छोटा रकाना जोडला. तो बाकी बहुतेक ठिकाणी रिकामाच राहील, राहू दे.

२५ जुलै

पडताळणी. प्रत्येक ओळ दोघांनी स्वतंत्र तपासायची, एकमेकांचं न बघता. मतभेद सर्वांत जास्त झाले ते 'लक्ष', 'मन' आणि 'ध्यान' यांवर. 'कामाला मन लागत नाही' यात मन कर्ता आहे, ते कशाला तरी जाऊन लागायला हवं, आणि तेच लागत नाही. म्हणजे एरवी माणूस जिथे असतो तिथे इथे काम आहे, नि चिकटणारी वस्तू माणसातून बाहेर निघालेली आहे. दिशा उलटी. 'ध्यान लागलं', 'समाधी लागली' यांत पुन्हा बाहेरून आत. संतांच्या ओळींत या दोन दिशा सारख्या बदलतात, म्हणून दिशेचा बाण आता प्रत्येक नोंदीपुढे आहे. मतभेद मिटले नाहीत तिथे दोन्ही मतं ठेवली, मतदान घेतलं नाही.

२ ऑगस्ट

तक्त्याचे रकाने आता असे: मूळ ओळ (आगेमागे दोन चरणांसह), काय लागलं, कुणाला किंवा कशाला, दिशा, शिक्का (शब्दशः, लाक्षणिक, रुळलेला, एकाहून अधिक), कुणासाठी, तपासणाऱ्यांची मतं. सुरुवातीचे दोन रकाने आणि कोशांवरून केलेली विभागणी वेगळ्या पानावर जपून ठेवली आहे, कुणाला बघायची असेल तर.

हेच रकाने 'पडणे'वर लावून पाहिले, थोड्याच ओळींवर. 'कुणाला' हा रकाना चालतो: प्रश्न पडतो, स्वप्न पडतं, कोडं पडतं, आणि मला पडतं. दिशेचा बाण मात्र सदैव वरून खाली, त्यामुळे तो निरुपयोगी. त्याऐवजी 'कुठून पडलं' हे विचारावं लागेल. पाऊस आभाळातून पडतो, स्वप्न कुठून पडतं याला वाक्यात जागाच नाही. 'पडणे' घेणाऱ्यांनी तिथून सुरुवात करावी. 'प्रेमात पडणे' आणि 'उपयोगी पडणे' हे दोन्ही पहिल्याच दिवशी समोर येतील. त्यांत माणूस चतुर्थीत नसतो, तो स्वतःच पडतो, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळं पान काढून ठेवा.